मॅरेथॉन : एका ग्रामनामाचा इतिहास

रविवारच्या वर्तमानपत्रातील शब्दकोडे सोडवावयास बसलेल्या गृहस्थास 'लांब पल्ल्याची धावण्याची शर्यत' एवढी खूण पुरते. चार घरे, चार अक्षरे : मॅ, रे, थॉ, न. ती भरून तो पुढच्या उभ्या शब्दाकडे वळतो. इंग्रजी कोड्यात ह्याच शब्दाला आठ घरे लागतात आणि तेथला कोडेकार अंमळ खोडकर असतो. तो कधी 'सव्वीस मैल आणि वर थोडे' म्हणेल, कधी 'इराण्यांची जेथे पीछेहाट झाली ते मैदान' म्हणेल, कधी 'ग्रीकांच्या बडीशेपेचे रान' म्हणेल, आणि कधी 'जुन्या चॉकलेटचे नाव' अशी खूण घालून विलायतेतील वयस्कर माणसांच्या बालपणाला हात घालील. चारही खुणांचे उत्तर एकच.

शब्दकोडे ही करमणूक तशी फार जुनी नव्हे. आर्थर विन नावाच्या पत्रकाराने २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' ह्या पत्रात पहिले कोडे छापले, आणि पुढे दहा-पंधरा वर्षांत साऱ्या जगाला तो नाद लागला. आपल्याकडे तर स्वातंत्र्यानंतरच्या काळात बक्षिसांच्या कोड्यांचे असे पेव फुटले की, १९४८ साली मुंबई सरकारला आणि १९५५ साली संसदेला त्यासाठी कायदे करावे लागले. एका कोडेवाल्याचा दावा १९५७ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि न्यायमूर्तींना शब्दकोडे हा व्यापार की जुगार, ह्याचा खल करावा लागला. असो. बक्षिसाचा मोह सोडला तर कोड्याच्या चार घरांत इतिहासाच्या अडीच हजार वर्षांची दाटी कशी होते, हे पाहण्याजोगे आहे, आणि तेच आम्हांला आज पाहावयाचे आहे.

गावाचे नाव गाव सोडून भाषेत येते ही गोष्ट मराठी माणसाला नवीन नाही. १४ जानेवारी १७६१ नंतर 'पानिपत' हे आपल्या दृष्टीने केवळ गाव राहिले नाही. परीक्षेत नापास झालेला विद्यार्थी, निवडणुकीत आपटलेला उमेदवार, बुडालेला व्यापारी, ह्या सर्वांचे आपण 'पानिपत' करतो. त्याच्या तीनच वर्षे आधीची अटकेची मोहीम 'अटकेपार झेंडे' होऊन आपल्या तोंडी राहिली आहे. बोलणाऱ्या शंभरांपैकी नव्व्याण्णवांनी पानिपत पाहिलेले नसते, आणि अटक तर आज परदेशात आहे. तरीही ह्या दोन्ही शब्दांच्या मागे घडलेली गोष्ट आपल्याला ठाऊक असते. मॅरेथॉनचे तसे नाही. तो शब्द मराठीत रोज वापरला जातो, आणि त्याच्या मागची म्हणून जी गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, ती बहुधा घडलेलीच नाही.

तेव्हा आरंभ गावापासून करू. अथेन्स शहराच्या ईशान्येस, पेंटेलिकस डोंगराच्या पलीकडे, समुद्राला लागून एक चिंचोळे मैदान आहे. तेथे बडीशेप माजत असे. बडीशेपेला ग्रीक भाषेत 'मॅराथॉन' म्हणत, आणि तिच्यावरून ते रान 'मॅराथोन' झाले. आपल्याकडे पिंपळावरून पिंपळगाव, बोरीवरून बोरगाव आणि चिंचेवरून चिंचवड झाले त्यातलाच हा प्रकार. बडीशेपेचा हा शब्द इतका जुना आहे की, मायसीनी काळच्या मातीच्या पाट्यांवर, म्हणजे ह्या लढाईच्याही सातशे वर्षे आधी, मसाल्याच्या जिनसांच्या याद्यांत तो आढळतो. एका कारकुनाने कोठाराच्या हिशेबात लिहिलेला शब्द पुढे कोठे कोठे जाणार होता, ह्याची त्याला काय कल्पना असणार! ग्रीक लोकांची समजूत मात्र अशी की, मॅराथोन नावाच्या वीरावरून गावाला नाव पडले. वीरपुरुष मिळत असेल तर बडीशेपेवर कोण समाधान मानील? थीसियसने येथेच एक उन्मत्त बैल धरला अशीही कथा आहे. एकूण लढाईपूर्वीही गाव अगदीच अनामिक नव्हते. पण त्याची कीर्ती पंचक्रोशीपुरती होती.

इ. स. पूर्व ४९० साली ती पंचक्रोशी ओलांडून गेली. आशिया मायनरमधील ग्रीक नगरांनी इराणच्या साम्राज्याविरुद्ध बंड केले, तेव्हा अथेन्सने वीस जहाजे मदतीला पाठविली होती, आणि त्या बंडात सार्डिस शहर जळाले. त्याचे उसने फेडण्यासाठी सम्राट दरायसने डाटिस आणि आर्टाफर्नीझ ह्या सेनापतींबरोबर आरमार पाठविले. त्यांना वाट दाखवीत होता हिप्पिअस, अथेन्सहून वीस वर्षांपूर्वी हाकलला गेलेला हुकूमशहा. मॅरेथॉनच्या मैदानावर घोडे उतरविणे सोयीचे, हा सल्ला त्याचाच. हिरोडोटसने ह्या म्हाताऱ्याची एक गंमत सांगितली आहे. किनाऱ्यावर उतरताच त्याला शिंका आणि खोकल्याची उबळ आली, आणि एक हलणारा दात उडून वाळूत पडला. पुष्कळ शोधूनही तो सापडेना. तेव्हा तो कण्हत म्हणाला की, ह्या भूमीत आपल्या वाट्याची जागा होती तेवढी त्या दाताने घेतली. आमच्या मते इतिहासकाराने सत्तालोभी माणसाची याहून कठोर आणि याहून सभ्य थट्टा केलेली नाही.

अथेन्सच्या बाजूने उतरले ते पगारी सैनिक नव्हते. शेतकरी, कुंभार, तेली अशी ज्याला ढालतलवार परवडत होती ती माणसे दहा जमातींच्या दहा तुकड्या करून आली होती. उत्तरकालीन लेखक त्यांची संख्या नऊ-दहा हजार सांगतात. प्लाटीआ ह्या चिमुकल्या नगराने मात्र आपली होती नव्हती तेवढी माणसे पाठविली. दहा सेनापतींत लढावे की थांबावे ह्यावर मते समसमान पडली, तेव्हा मिल्टायडीझने कॅलिमॅकसचे मन वळविले आणि त्याच्या एका मताने लढाई ठरली. हा कॅलिमॅकस त्याच दिवशी पडला. नाटककार एस्किलस ह्या लढाईत होता; त्याचा भाऊ इराणी जहाजाचा मागचा भाग धरून ठेवताना हात तोडला जाऊन मेला.

आता हिरोडोटसचे दोन तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावेत, कारण आमचा सारा विषय त्यांच्यावर उभा आहे. पहिला असा की, दोन्ही सैन्यांत आठ स्टेडियांचे, म्हणजे सुमारे दीड किलोमीटरचे अंतर होते, आणि अथेन्सचे लोक ते धावत कापून शत्रूवर तुटून पडले. आपल्या माहितीतील ग्रीकांत शत्रूवर असे धावून जाणारे हेच पहिले, असे तो आवर्जून सांगतो. दुसरा असा की, पराभूत इराणी आरमार सूनिअमच्या भूशिराला वळसा घालून असुरक्षित अथेन्सकडे निघाले, तेव्हा हे दमलेले सैन्य पाय नेतील तितक्या वेगाने मागे फिरले आणि जहाजांच्या आधी शहरात पोहोचले. म्हणजे मॅरेथॉनला धाव झाली ती दोनदा, आणि दोन्ही वेळा ती सर्वांची होती.

एकटा धावला तो तिसराच माणूस, आणि तो धावला दुसऱ्याच दिशेला. फिलिप्पिडीझ, ज्याला काही पोथ्यांत फिडिपिडीझ म्हटले आहे, हा धंद्याने जासूद. लढाईपूर्वी मदत मागण्यासाठी त्याला स्पार्टाला पाठविले, आणि सुमारे दोनशेचाळीस किलोमीटरची डोंगराळ वाट तुडवून तो दुसऱ्या दिवशी तेथे पोहोचला. स्पार्टाचे लोक म्हणाले, आम्ही अवश्य येऊ, पण पौर्णिमेनंतर. त्याआधी निघणे धर्माला धरून नाही. त्याप्रमाणे दोन हजार स्पार्टन आले, तोवर लढाई संपली होती. त्यांनी मैदानावर जाऊन पडलेले इराणी पाहिले, अथेन्सची वाहवा केली आणि ते घरी गेले. विजयाची वार्ता घेऊन कोणी अथेन्सला धावला आणि वार्ता सांगून कोसळला, ह्याचा हिरोडोटसमध्ये एक शब्दही नाही. ज्याने म्हाताऱ्याचा पडलेला दात टिपला तो अशी गोष्ट गाळील, हे संभवत नाही.

हिरोडोटस मृतांचे आकडे देतो : इराणी ६४००, अथेन्सचे १९२. त्या एकशेब्याण्णवांना शहरात न आणता मैदानावरच दहन करून त्यांच्यावर मातीचा ढिगारा रचला. तो आजही आहे, सुमारे नऊ मीटर उंचीचा. १८९० साली व्हालेरिओस स्टाइस ह्यांनी तेथे उत्खनन सुरू केले तेव्हा त्यात राख, हाडे आणि त्या काळची मातीची भांडी मिळाली. ढिगाऱ्यावर जमातवार नावे कोरलेल्या शिळा होत्या. प्रवासी पॉसेनिअसने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात त्या पाहिल्या. प्लाटीआच्या लोकांचे आणि गुलामांचे थडगे वेगळे होते, हेही तोच नोंदवितो, आणि त्याच्या सांगण्याप्रमाणे लढाईत गुलाम प्रथम लढले ते येथेच. त्यांची नावे कोणी कोरली होती किंवा कसे, ह्याबद्दल तो काही सांगत नाही. रात्री त्या मैदानात घोड्यांचे खिंकाळणे आणि लढणाऱ्यांचा गलका ऐकू येतो, असे स्थानिक लोक त्याला म्हणाले होते.

इराणच्या बाजूने पाहिले तर आजवर मिळालेल्या एकाही राजलेखात ह्या लढाईचा उल्लेख नाही. साम्राज्याच्या दृष्टीने ती सरहद्दीवरची एक अयशस्वी स्वारी होती. नाव मोठे झाले ते अथेन्समध्ये, आणि मोठे झाले ते नीतीचा शब्द म्हणून. ॲरिस्टोफेनीझच्या नाटकात इ. स. पूर्व ४२५ साली 'मॅरेथॉनचे लढवय्ये' हे जुन्या पिढीतल्या चिवट, हट्टी, भाजक्या लाकडासारख्या म्हाताऱ्यांचे नाव आहे. त्यात थट्टा आहे आणि थट्टेच्या तळाशी आदर आहे. शंभर वर्षांनी मॅसिडोनियाच्या फिलिपने अथेन्सला धूळ चारली. तेव्हा त्या पराभवाचा जाब विचारला असता, डिमॉस्थेनीझने भर न्यायसभेत मॅरेथॉनला आघाडीवर उभे राहिलेल्या पूर्वजांची शपथ घेतली. आपल्याकडे कोणी रायगडाची शपथ घ्यावी तशी. एस्किलसच्या नावावर चालत आलेल्या समाधिलेखात तर त्याच्या नाटकांचा निर्देशही नाही. तो मॅरेथॉनला लढला, एवढेच आहे. अथेन्सच्या भाषेत 'मॅरेथॉन' म्हणजे खांद्याला खांदा लावून उभे राहणे. त्यात लांबी नव्हती, एकटेपणा नव्हता.

मग धावून मरणारा दूत आला कोठून? तो आला लढाईनंतर सहाशे वर्षांनी, प्लुटार्कच्या एका निबंधातून. विजयी सैनिक चिलखतासह धावत आला, पुढाऱ्यांच्या दारात विजय सांगून गतप्राण झाला, असे प्लुटार्क लिहितो, आणि त्याचे नाव एका जुन्या लेखकाप्रमाणे थर्सिप्पस, पण बहुतेकांच्या मते युक्लीझ, असेही सांगतो. म्हणजे नावाचाच घोळ. पुढे पन्नास-साठ वर्षांनी लूशियन नावाच्या विनोदी लेखकाने अभिवादनाच्या शब्दांवर एक हलकाफुलका लेख लिहिला, त्यात हा दूत 'फिलिप्पिडीझ' झाला. स्पार्टाला धावलेल्या जासुदाचे नाव, सबंध सैन्याची अथेन्सपर्यंतची धाव आणि रणांगणातला आठ स्टेडियांचा हल्ला, ही तीन सूते एकत्र वळली जाऊन त्यांतून एक माणूस तयार झाला. कथा म्हणून ती फार सुंदर आहे, हे आम्ही नाकारीत नाही. सैन्य लक्षात ठेवणे कठीण. एकटा धावणारा डोळ्यांसमोर उभा राहतो. पण त्या सौंदर्याची किंमत एकशेब्याण्णवांनी दिली, आणि त्यांच्यामागे थडग्यातही वेगळे पडलेल्यांनी.

पुढे पुष्कळ शतके मॅरेथॉन ग्रंथांतच राहिले. मैदानावर तुर्कांचे राज्य होते. तरुण कवी बायरन तेथे गेला तेव्हा ते सबंध मैदान त्याला सोळा हजार पियास्टरांना, म्हणजे सुमारे नऊशे पौंडांना, विकत देऊ केले गेले. ह्याची त्याने चीड आणि आश्चर्य ह्यांनी नोंद केली आहे. ग्रीकांच्या स्वातंत्र्ययुद्धात त्याचे प्राण गेले ते १८२४ साली. इंग्रजांनी तर मॅरेथॉन आपल्याच घरचे करून टाकले. हेस्टिंग्जच्या लढाईपेक्षा मॅरेथॉनची लढाई इंग्लंडच्या इतिहासात अधिक महत्त्वाची, अशा आशयाचे विधान जॉन स्टुअर्ट मिलने १८४६ मध्ये केले. १८५१ साली क्रीझीने जगातील पंधरा निर्णायक लढायांचे पुस्तक काढले, त्यात पहिला मान मॅरेथॉनचा. आशियाच्या जुलमापासून युरोपची सुटका, असा अर्थ ह्या लोकांनी नावात भरला. आशियातच राज्य करीत बसून हे लिहिणे थोडे धारिष्टाचे होते, एवढे म्हणून आम्ही पुढे जातो. १८७९ साली रॉबर्ट ब्राउनिंगने फिडिपिडीझवर कविता लिहिली. तिने स्पार्टाची आणि अथेन्सची धाव एकाच माणसाच्या पायांत घातली, आणि त्याच्या हातात वनदेवतेने दिलेली बडीशेपही ठेवली. आज शाळेतल्या पुस्तकात असते ती गोष्ट मुख्यतः ही.

यानंतर जो माणूस रंगभूमीवर येतो, त्याच्यासाठीच खरे म्हणजे आम्ही हा विषय घेतला. मिशेल ब्रेआल हा फ्रेंच भाषापंडित. बर्लिनला बॉप आणि वेबर ह्यांच्यापाशी संस्कृत शिकलेला, बॉपचे तौलनिक व्याकरण फ्रेंचमध्ये आणणारा, आणि पॅरिसच्या कॉलेज द फ्रान्समध्ये त्याच विषयाचा प्राध्यापक. शब्दांचे अर्थ कसे व का बदलतात ह्याचा अभ्यास करणारे एक स्वतंत्र शास्त्र असावे, असे त्याने प्रतिपादिले. त्या शास्त्राला आज जगभर चालणारे 'सिमँटिक्स' हे नाव १८८३ मध्ये त्यानेच दिले आणि १८९७ मध्ये त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. आपण ज्याला अर्थविचार म्हणतो ते हेच. तिळाचे ते 'तेल', मग सरकीचेही तेल आणि मातीचेही तेल, हा अर्थविस्तार. 'मृग' म्हणजे कोणतेही जनावर, मग फक्त हरिण, हा अर्थसंकोच. अशी उदाहरणे जमविण्यात आयुष्य घालविलेल्या ह्या गृहस्थाने १८९४ साली कूबेर्तँला सुचविले की, अथेन्सला ऑलिंपिक सामने भरविणार असाल तर मॅरेथॉनपासून शहरापर्यंत एक शर्यत ठेवा. जिंकणाऱ्यास रुप्याचा पेला मी देतो. प्राचीन ऑलिंपिकमध्ये असली शर्यत कधीच नव्हती. तेथील सर्वांत लांब धाव चार-पाच किलोमीटरांच्या घरातली. शब्दार्थशास्त्राच्या जनकाने असा एका सूचनेसरशी एका शब्दाचा अर्थ कायमचा बदलून टाकला. त्याच्या ग्रंथातील कोणत्याही उदाहरणापेक्षा हे उदाहरण मोठे आहे, आणि ते त्याने ग्रंथाबाहेर करून दाखविले.

१० एप्रिल १८९६ रोजी सतरा जण मॅरेथॉनच्या पुलापासून सुटले. जिंकला तो मारूसी गावचा पाणी वाहणारा स्पिरिडॉन लूइस. सुमारे चाळीस किलोमीटर त्याने २ तास ५८ मिनिटे ५० सेकंदांत काटले. तिसरा आलेला गडी वाटेत गाडीत बसला होता असे सिद्ध होऊन त्याचे बक्षीस गेले. ह्या शर्यतीचे खूळ किती जुने आणि त्यातली लबाडीही किती जुनी, हे यावरून दिसेल. स्टामाटा रेविथी नावाच्या एका गरीब बाईला धावू दिले नाही, तेव्हा ती दुसऱ्या दिवशी तेच अंतर एकटी धावली. तिला क्रीडांगणाचे दार उघडले नाही. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन सुरू व्हावयास १९८४ उजाडावे लागले. लूइसचे नाव मात्र ग्रीक भाषेने उचलले. एखादा सूं बाल्या करून पसार झाला की, तो 'लूइस झाला' असे तेथे म्हणतात. ब्रेआलचा पेला २०१२ साली लंडनच्या लिलावात पाच लाख पौंडांहून अधिक किमतीला गेला.

अंतर अजून ठरलेले नव्हते. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विंडसरच्या राजवाड्यापासून क्रीडांगणापर्यंत सव्वीस मैल आणि आत राजासनासमोर येईपर्यंत ३८५ यार्ड असा हिशेब झाला. त्या शेवटच्या यार्डांनी इटलीच्या दोरांदो पिएत्रीचा घात केला. तो क्रीडांगणात पहिला आला, पडला, उठला, पुन्हा पडला. पंचांनी हात देऊन त्याला रेषेपार नेले आणि त्याच मदतीमुळे तो बाद झाला. दुसऱ्या दिवशी अलेक्झांड्रा राणीने त्याला निराळा पेला दिला. १९२१ साली जागतिक संघटनेने हेच अंतर, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, कायम केले. मॅरेथॉन ते अथेन्स हे अंतर नव्हे. इंग्लंडच्या राजाच्या दारापासून त्याच्या आसनापर्यंतचे हे अंतर आहे. अर्थसंकोच म्हणावा तर असा! सबंध रणभूमी एका आकड्यात मावली, आणि तोही आकडा दुसऱ्याच गावचा.

ह्या आकड्यावर शिक्का बसण्यापूर्वीच शब्द पुण्यात येऊन पोहोचला होता. डेक्कन जिमखान्याच्या मैदानी सामन्यांत सुमारे पंचवीस मैलांची एक शर्यत असे आणि तिला 'मॅरेथॉन' म्हणत. धावणारी मुले शेतकऱ्यांची, अनवाणी पायांची, पाश्चात्त्य शिक्षणाचा वाराही न लागलेली. जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा ह्यांनी ती धाव पाहिली आणि ह्या मुलांना ऑलिंपिकला पाठविले पाहिजे असे त्यांच्या मनाने घेतले. १९२० साली अँटवर्पला जो छोटासा हिंदी संघ गेला, त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार हे दोघे मॅरेथॉन धावले. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. हे आकडे वाचताना एक गोष्ट लक्षात घ्यावी. अँटवर्पचा मार्ग ४२.७५ किलोमीटरांचा, ऑलिंपिकच्या इतिहासात सर्वांत लांब होता. तरीही चौगुल्यांची वेळ लूइसच्या १८९६ मधील वेळेहून आठ मिनिटांनी कमी आहे. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली आणि मुंबईची २००४ साली सुरू झाली, तिला हजारो लोक धावतात. चौगुल्यांचे नाव त्यांतील किती जणांनी ऐकले असेल ह्याची आम्हांस शंका वाटते.

शर्यत रूढ झाली आणि शब्द मोकळा सुटला. जे जे लांबते ते मॅरेथॉन. १९२३ साली न्यूयॉर्कला अल्मा कमिंग्ज नावाच्या बाई सत्तावीस तास नाचल्या. जोडीदार सहा थकले, बाई थकल्या नाहीत. मंदीच्या वर्षांत अमेरिकेत 'नृत्यमॅरेथॉन' भरत. तेथे बेकार तरुणतरुणी आठवडेच्या आठवडे पाय ओढीत नाचत, कारण नाचत असेपर्यंत जेवण आणि छप्पर मिळे. करमणुकीचे इतके केविलवाणे रूप दुसरे नसेल. पुढे शब्दाची शेपूटच तुटून वेगळी झाली. १९४९ साली दूरचित्रवाणीवर निधी गोळा करण्याचा तासन् तासांचा कार्यक्रम 'टेलिथॉन' झाला, मग 'वॉकेथॉन', मग संगणकवाल्यांची 'हॅकेथॉन'. ग्रीकमध्ये 'थॉन' ह्या तुकड्याला काडीचाही अर्थ नाही. चिंचवडमधला 'चवड' कापून घ्यावा तसा हा प्रकार. पण भाषेला तो चालतो. मराठीत तर 'मॅरेथॉन बैठक', 'मॅरेथॉन चर्चा', 'मॅरेथॉन मुलाखत' हे बातमीदारांचे नित्याचे शब्द, आणि वसंत ऋतूतल्या व्याख्यात्याने घड्याळाकडे दुर्लक्ष केले की, श्रोत्यांच्या मागच्या रांगेतून तोच शब्द कुजबुजला जातो. पाच किलोमीटर धावले तरी ती 'मिनी मॅरेथॉन'. लहान लांबी म्हणण्यासारखेच हे.

नाव परत भूगोलातही गेले, आणि गंमत अशी की, दोन वेगळ्या अर्थांनी गेले. टेक्सासमध्ये मॅरेथॉन नावाचे गाव आहे. तेथील भूमी ग्रीसच्या त्या मैदानासारखी दिसली म्हणून एका दर्याखोऱ्या फिरलेल्या कप्तानाने हे नाव सुचविले. फ्लॉरिडाच्या बेटांवरही मॅरेथॉन आहे. तेथे समुद्रावरून रेल्वे नेताना मजूर रात्रंदिवस राबत होते, आणि हे काम म्हणजे मॅरेथॉनच झाले असे कोणी म्हणाला, त्यावरून नाव पडले असे तेथले लोक सांगतात. एक नाव मैदानावरून, दुसरे दमछाकीवरून. विलायतेत ह्याच नावाचे चॉकलेट होते. १९९० साली त्याचे नाव बदलून 'स्निकर्स' केले, आणि कोडेकारांची सोय झाली. खुद्द अथेन्सच्या गृहिणीला मात्र हे नाव बराच काळ नळाच्या पाण्यावरून परिचित होते. १९२६ ते १९२९ ह्या वर्षांत मॅरेथॉनजवळ धरण बांधले गेले. त्याची भिंत पेंटेलिकसच्या संगमरवराने मढविलेली आहे, आणि तिच्या पायथ्याशी डेल्फी येथील अथेन्सच्या कोषागाराची प्रतिकृती आहे. ते कोषागार मॅरेथॉनच्या लुटीतून बांधले होते असे पॉसेनिअस म्हणतो.

ह्या सर्व अर्थांच्या गर्दीत जुना अर्थ मेला असेच कोणाला वाटले असते. १९६३ साली तो अनपेक्षितपणे उठला. ग्रीसमधील शांततावाद्यांनी अण्वस्त्रांच्या विरोधात मॅरेथॉनच्या ढिगाऱ्यापासून अथेन्सपर्यंत पदयात्रा काढण्याचे ठरविले. सरकारने ती बंद केली, रस्ते अडविले, शेकडो लोकांना पकडले. ग्रीगोरिस लांब्राकिस हा डॉक्टर संसदेचा सभासद असल्यामुळे त्याला अटक करता येत नव्हती. तरुणपणी तो नामांकित खेळाडू होता. लांब उडीतला त्याचा राष्ट्रीय उच्चांक तेवीस वर्षे कोणी मोडला नव्हता. २१ एप्रिलला तो एकटाच निघाला. हातात 'ग्रीस' हे देशाचे नाव लिहिलेला फलक होता. वाटेत पोलिसांनी त्याला अडवून सभासदत्वाची पर्वा न करता गाडीत घातले. महिन्याभराने, २२ मे रोजी, सालोनिका येथे एका सभेतून बाहेर पडताना मारेकऱ्यांनी त्याच्या डोक्यावर घाव घातला, आणि २७ मे रोजी तो वारला. अथेन्समध्ये भिंतीभिंतींवर एकच ग्रीक अक्षर उमटले, 'झीटा'. 'तो जिवंत आहे' ह्या अर्थाच्या शब्दाचे ते आद्याक्षर. कोड्याच्या एका घरात मावेल एवढेच.

पुढच्या वर्षी, १९६४ च्या मे महिन्यात, मॅरेथॉनच्या ढिगाऱ्यापासून अथेन्सकडे त्याच रस्त्याने लोक पुन्हा निघाले. त्या वेळी ते हजारोंच्या संख्येने होते, आणि ते चालत गेले.